जुन्या सायकलचा गंज घरच्या घरी कसा काढावा

गंज काढणं तसं सोपं आहे. तो दुसऱ्या दिवशी परत न येणं, ही खरी मेहनत. त्यामुळे शेवटच्या पायऱ्यांत घाई करू नका.

१. आधी वाटणी करा. सुटे करता येतील ते भाग सुटे करा आणि प्रत्येकाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर बहुधा पोलाद. न चिकटणारा हलका, करडा भाग बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो. त्याला तांबडा गंज चढत नाही आणि पुढे गंज काढायला वापरायच्या आम्लात (व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड) तो खराब होतो, म्हणून तो बाजूला ठेवा. रंगवलेली फ्रेमही बुडवायची नाही. चेनचे सांधे कडक झाले असतील तर सरळ नवी चेन घ्या. गंजलेल्या छर्‍यांचंही तेच.

२. तेलकटपणा घालवा. भांडी घासायच्या साबणाने भाग स्वच्छ धुवा. ग्रीसच्या थराखाली आम्ल पोचतच नाही, आणि मग माणूस व्हिनेगरला दोष देतो.

३. क्रोमचे भाग: हँडल, रिम. इथे व्हिनेगरची गरज नाही. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. काळपट लगदा सुटेल, तो पुसत राहा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. लोखंडी घासणीने मात्र पडू शकतात. मुलामाच उडालेला असेल तर ती जागा पुन्हा चकाकणार नाही, कितीही घासा.

४. साधं पोलाद: नट, बोल्ट, वॉशर. प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात पांढरं व्हिनेगर घ्या, नाहीतर एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. माझी पसंती सायट्रिकला; वास नाही आणि काम बहुधा लवकर होतं. भाग पूर्ण बुडाला पाहिजे. अर्धवट बुडाला तर पाण्याच्या पातळीवर रेघ उमटते आणि ती जात नाही. अधूनमधून बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा. हलका गंज काही तासांत निघतो, जाड पापुद्र्याला रात्रभर लागू शकते. त्याहून जास्त ठेवू नका, कारण गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. जस्ताचा मुलामा असलेले स्पोक यात घालू नका. आम्लात आधी जस्तच जातं.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, भांड्यावर घट्ट झाकण नको. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

५. आता एकही टप्पा गाळू नका. आम्लातून निघालेलं उघडं पोलाद हवेत काही मिनिटांतच पिवळसर पडायला लागतं. म्हणून भाग काढल्याबरोबर पाण्याने धुवा, लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून त्यात बुचकळा आणि पुन्हा धुवा. लगेच पुसून हेअर ड्रायरने वाळवा. बोल्टच्या आट्यांत आणि नटाच्या आत पाणी दडून बसतं, तिथे जरा जास्त वेळ द्या.

६. तेल. भाग कोमट असतानाच शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि जादाचं पुसून घ्या. चिकट थरावर धूळ बसते. क्रोमला मेण चांगलं. ब्रेकचे रबर जिथे घासतात त्या रिमच्या पट्ट्याला मात्र तेल किंवा मेण काहीही लावू नका, नाहीतर ब्रेक लागणार नाहीत.