मांजराला घेऊन गावाला जाताय? आधी त्याचा स्वभाव बघा

गणपती जवळ आले की बेळगावातनं खानापूर, निपाणीकडं जाणाऱ्यांना एकच काळजी, मांजराचं काय करायचं, आणि मग ऐनवेळी पिशवीत कोंबून तसंच बसमध्ये बसतात. असं करू नका ओ, जिवाचा थरकाप होतो त्याच्या. 2017 मध्ये ऑस्ट्रेलिया न्यूझीलंडच्या 2,802 मांजरांचा अभ्यास झाला, त्यात स्वभावाचे पाच पैलू निघाले, प्रवासापुरतं मला त्यातला एकच महत्त्वाचा वाटतो, भित्रेपणा, म्हणजे मांजर भित्रं आहे की धीट. घरात पाहुणे आल्यावर बघा, कॉटखाली जाऊन ते गेल्यावरच बाहेर येतंय की चपलांचा वास घेत फिरतंय, लगेच कळतं.

भित्रं असेल तर तयारी दोन-तीन आठवडे आधीच. वरनं उघडणारी प्लास्टिकची बास्केट घरात उघडीच ठेवायची, आत तुमचा वापरलेला न धुतलेला टॉवेल, खाऊ पण आतच द्यायचा, म्हणजे ती त्याची जागा होते. निघायच्या तीन-चार तास आधी खायला नको, रस्त्याची वळणं लागली की लाळ गळते, उलटी होते. वरनं चादर टाका. गावी पोचलं की माजघरात सगळ्यांच्या पुढ्यात सोडायचं नाही, एक बंद खोली, पाणी, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे आणि आडवा ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका. पोरं "दाखव की, दाखव की" म्हणून मागं लागतात, पण ओढून काढू देऊ नका, रात्री सामसूम झाल्यावर ते आपणच येतंय.

धीट मांजराचं उलटं, तिथं माणूसच निवांत होतो. हत्तरगी टोलला काच खाली केली, चहाला दार उघडलं की उडी मारून पसार! म्हणून बास्केट गाडीत उघडायचीच नाही. दोन-चार दिवसच राहणार असाल तर तिथं बाहेरही सोडू नका, कौलावर चढलं आणि शेजारचा बोका मागं लागला की नवख्या गावात वाट सापडत नाही.

फारच घाबरट असेल तर जनावरांच्या डॉक्टरांना आधी विचारा, गॅबापेंटिन नावाचं भीती कमी करणारं औषध देतात, ते घरी एकदा देऊन बघा. माणसांची गोळी मात्र बिलकुल नको, पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. तोंड उघडं टाकून धापा टाकायलंय किंवा अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर थांबू नका, दवाखाना गाठा. आणि दोनच दिवसांचं काम असेल तर भित्र्या मांजराला घरीच राहू दे, शेजारच्या काकूंकडं किल्ली द्या, सकाळ-संध्याकाळ खायला घालतील.