गाडीच्या पेंटवर फराटे राहतात? आधी ते कशाचे आहेत ते ओळखा

गाडी धुतली, पुसली, वॅक्सही लावलं, आणि उन्हात काढल्यावर बोनेटवर फडक्याचे फराटे जसेच्या तसे. अशा वेळी हात पुन्हा वॅक्सच्या डब्याकडे जातो, आणखी एक थर चढतो आणि फराटे वाढतात. घरी केलेल्या डिटेलिंगमधले (गाडीच्या बारकाईने सफाई-चकाकीच्या कामातले) बरेचसे फराटे जास्त झालेल्या मालाचेच असतात. म्हणून काहीही नवीन लावण्याआधी पाच मिनिटं तपासणीला द्या.

गाडी सावलीत घ्या, पॅनेल थंड होऊ द्या. बोनेटवर फूटभर लांबी-रुंदीचा भाग निवडा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरने तो एकदा पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने कोरडा करा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर चालतं. आता मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून बघा. फराटे गेले, तर ते शाम्पूचे किंवा स्प्रेचे होते. पुसताना जागा बदलून पुन्हा उमटले किंवा इंद्रधनुषी तवंग दिसला, तर वॅक्स किंवा पॉलिशमधलं तेल उरलंय. पांढरी गोल कडी तशीच राहिली, तर पाण्यातले क्षार. आणि टॉर्चच्या भोवती बारीक वर्तुळं दिसली, टॉर्च हलवल्यावर तीही सोबत सरकली, तर ते ओरखडे आहेत. पुसून ते कधीच जाणार नाहीत.

शंका राहिली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पातळ द्रावण वापरा: ९९ टक्क्यांचं १५० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ८५० मिली. त्याच भागावर दोन फवारे, लगेच पुसून टाका. फराटा गेला म्हणजे तो पेंटवर लावलेल्या थराचा होता. या पुसण्याने त्या जागेवरचं वॅक्सही जातं, त्यामुळे तिथे नंतर पुन्हा लावावं लागेल. जवळ ठिणगी किंवा सिगारेट नको.

वॅक्स आणि तेलाचे फराटे

पेस्ट वॅक्स लावताना फोमचा अॅप्लिकेटर डब्यात एकदाच फिरवा, तेवढं अर्ध्या बोनेटला पुरतं. लिक्विड असेल तर एका दरवाजाला हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. थर इतका पातळ हवा की खालचा रंग स्वच्छ दिसला पाहिजे. जाड थर वरून सुकतो, आत ओला राहतो आणि पुसताना ओढला जातो. तोच तुमचा फराटा.

पुसायची वेळ घड्याळावर ठरवू नका, बोटाने ठरवा. थरावरून बोट ओढा: मागे स्वच्छ चकचकीत रेघ उमटली तर वॅक्स तयार आहे, ओशट पट्टा राहिला तर थांबा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत दमट हवेमुळे हे सुकणं बरंच लांबतं. उलट विदर्भातल्या मे महिन्यात काळं बोनेट इतकं तापतं, की वॅक्स लावताक्षणी घट्ट होतं. हाताची मागची बाजू पॅनेलवर आरामात टेकत नसेल तर काम सुरूच करू नका. उन्हाळ्यात सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी, तेही छपराखाली.

वॅक्स सुकून घट्ट बसलं असेल तर जोर लावून घासू नका. त्याच वॅक्सचा अगदी पुसटसा थर त्यावर फिरवा. त्यातला सॉल्व्हंट जुना थर मऊ करतो, आणि तेव्हाच ताबडतोब पुसून घ्यायचं. वॅक्सच्या बाबतीत आणखी माल लावायची परवानगी फक्त इथे.

आधीचं वॅक्स, त्यावर सीलंट (पेंट जपणारा कृत्रिम थर), त्यावर क्विक डिटेलर (चमक देणारा स्प्रे) असे थर साचले असतील, तर एकेक फराटा पुसत बसण्यात अर्थ नाही. सगळं काढा आणि एकाच गोष्टीपासून पुन्हा सुरू करा. सीलंटचा दुसरा हात डब्यावर सांगितलेला वेळ गेल्याशिवाय देऊ नका.

फडकं

इथे जेवढ्या चुका होतात तेवढ्या कुठेच होत नाहीत. चांगलं वॅक्स चुकीच्या फडक्याने पुसलं तर फराटेच राहणार. ३०० ते ४०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचं), ४० बाय ४० सेंमीचं मायक्रोफायबर घ्या. दोनदा दुमडलं की आठ बाजू मिळतात. एक बाजू ओशट झाली की पुढची. पहिल्या फडक्याने माल उचलायचा, दुसऱ्या कोरड्या फडक्याने फक्त शेवटचा हात फिरवायचा. संपूर्ण गाडीला सहा ते आठ फडकी लागतात. दोनमध्ये भागवलं तर छतावरचं वॅक्स दरवाजांवर जातं.

फडकी धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो, फडकं पाणी शोषत नाही आणि तोच थर पेंटवर उतरतो. पावडरऐवजी लिक्विड डिटर्जंट, पाणी ४० अंशांपर्यंत, दोनदा खळबळणं आणि सावलीत वाळवणं. सुती कपड्यांबरोबर धुतलं तर त्यांचे तंतू याच्यात अडकतात. फडकं चांगलं आहे का, हे बघायला त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब वर तसाच बसून राहिला तर ते फडकं चाकांसाठी ठेवा. डॅशबोर्ड पॉलिश किंवा टायर शाइन लागलेलं फडकं पेंटच्या फडक्यांत पुन्हा मिसळू नका, त्यातलं सिलिकॉन धुऊनही पूर्ण निघत नाही. जुना बनियन आणि वर्तमानपत्र पेंटवर नकोच.

पाणी

बोअरवेलचं पाणी असेल तर अर्धं भांडण तिथलंच असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ स्वीकारार्ह धरतात. ते पाणी पिण्यालायक असतं, पण काळ्या गाडीवर सुकलं तर डाग सोडतंच. ५० च्या खालचं पाणी जवळपास डाग न सोडता सुकतं. हे विरघळलेले पदार्थ मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, एकदा मोजून बघा.

आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी साठवून त्याने गाडी धुण्याची पद्धत अनेक घरांत आहे. पाणी वाचवायची भावना चांगली, पण गाळून बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात. ते फरशीला वापरा, नाहीतर चाकांच्या पहिल्या धुण्याला. पेंटच्या शेवटच्या धुण्याला आरओचं शुद्ध पाणी तीन-चार लिटर पुरतं. एसीतून ठिबकणारं पाणीही कापडातून गाळून चालतं, त्यात क्षार नसल्यासारखेच असतात.

शेवटी पाइपचं नोझल काढा आणि छतावरून अखंड, संथ धार सोडा. पाणी पत्र्यासारखं सरकत उतरतं आणि थेंब कमी राहतात. मग लगेच टॉवेल.

ताजे पांढरे डाग पडले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समसमान घ्या, त्यात फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, पुसा, भरपूर पाण्याने धुवा, शाम्पूचा हात द्या. हे थंड पॅनेलवरच करायचं, आणि मॅट पेंटवर करायचं नाही. डाग तरीही राहिला तर क्षारांनी क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, खाल्लाय. तो पॉलिशनेच निघेल. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे वहीच्या कागदाहून पातळ असतो, तेव्हा घरच्या घरी कंपाउंडने (खरखरीत पॉलिशने) घासत सुटू नका.

पांढऱ्या गाड्यांवर आरशाखाली आणि हँडलखाली जे काळपट ओघळ दिसतात ते फटींत अडकलेल्या पाण्याचे. धुतल्यावर आरसे दुमडा, दरवाजे, डिकी आणि पेट्रोलचं झाकण उघडा, लहान ब्लोअरने फटी कोरड्या करा. काचेच्या खालच्या रबरी पट्टीतून काळं येत असेल तर ती पट्टीच शाम्पूने घासून धुवा.

सिरॅमिक कोटिंग आणि मशीनच्या खुणा

सिरॅमिक कोटिंग म्हणजे पेंटवर लावल्यावर कडक होणारा संरक्षक थर. त्याचे फराटे गडद किंवा इंद्रधनुषी ठिपक्यांसारखे दिसतात. जास्त माल जागेवरच घट्ट झालेला असतो. दमट हवेत वॅक्स उशिरा सुकतं, पण बहुतेक सिरॅमिक मात्र लवकर घट्ट होतं. म्हणून पावसाळ्यात एका वेळी ५० ऐवजी ३० सेंमीचा चौकोन घ्या आणि लगेच पुसून थर समतल करा. तासाभरात लक्षात आलं तर त्याच कोटिंगचा एक थेंब लावून पुसता येतं. पूर्ण घट्ट झाल्यावर बारीक पॉलिशने काढून तेवढी जागा पुन्हा कोट करावी लागते.

गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करून आणलेली गाडी दोन धुण्यांनंतर वर्तुळं दाखवू लागली, तर पॉलिशमधल्या तेलाने झाकलेले ओरखडे उघडे पडलेत. यावर उपाय म्हणजे ड्युअल अॅक्शन मशीन (पॅड एकाच वेळी फिरवणारं आणि डोलवणारं पॉलिशर), मऊ फिनिशिंग फोम पॅड आणि बारीक पॉलिश. आधी दोन फुटांच्या भागावर करून अल्कोहोलने पुसून बघा, मगच पुढे जा.

अपघातानंतर नवीन पेंट मारलेल्या पॅनेलवर यातलं अल्कोहोल, व्हिनेगर, वॅक्स काहीही लगेच लावू नका. आतला सॉल्व्हंट बाहेर पडायचा असतो. पेंट भट्टीत भाजलाय की हवेवर सुकवलाय हे पेंटरला विचारा. हवेवर सुकवलेला असेल तर ३० ते ६० दिवस फक्त साधं पाणी आणि सौम्य शाम्पू.