बांधावरची फुले: ऋतूप्रमाणे कशी पाहावीत, कशी टिपावीत

मराठवाड्यातील फुलांची छायाचित्रे काढायची असतील, तर उद्यानापेक्षा शेताच्या बांधाची वाट धरावी. कारण आपल्याकडची बहुतेक फुले पिकांची, तणांची आणि पाणंदीकडेच्या झाडांची असतात आणि त्यांच्या आसपास कोणी ना कोणी काम करत असते. साधा मोबाइल त्यासाठी पुरतो. खरी गरज असते ती फुलाची वेळ पाळण्याची.

जवसाचेच पाहा. पौषात त्याची निळी फुले सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळूनही जातात, त्यामुळे न्याहारी उरकून सावकाश निघणाऱ्याला त्याच रानात नुसता हिरवा रंग दिसतो. करडईचे तसे नाही. तिचे फूल आधी पिवळे असते आणि जून होत जाते तसे केशरी-तांबूस होते, म्हणून एकाच झाडावर दोन्ही रंगांची बोंडे शोधून ती एका चौकटीत घ्यावीत. मात्र तिची पाने काटेरी असतात. जनावरे आत शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेने करडईचे तास घालण्याची जुनी रीत आहे, यावरून काय ते समजावे. मी पहिल्यांदा अर्ध्या चड्डीवर त्या रानात शिरलो होतो आणि पोटऱ्या दोन दिवस चुरचुरत होत्या. दवाने काटे नरम पडतात म्हणून शेतकरी तिची काढणी भल्या सकाळी उरकतात. छायाचित्रासाठीही तीच वेळ उत्तम, कारण ऊन तिरपे असते आणि दवाचे थेंब काट्यांच्या टोकांवर टिकून असतात.

याच दिवसांत लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या, म्हणजे रानात पूजा करून तिथेच पंगत मांडण्याचा सण, येते. कडब्याची कोप, आंबिलीचे मडके, पंगतीला बसलेले पाहुणे यांचे चित्र घ्यावेसे वाटतेच, पण कोपीच्या आत अंधार आणि बाहेर लख्ख ऊन असल्याने चेहरे काळे येतात. अशा वेळी फ्लॅश न वापरता माणसाला कोपीच्या तोंडाशी, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसू द्यावे, म्हणजे चेहऱ्यावर मऊ प्रकाश येतो आणि मागचा अंधार पडद्यासारखा कामी येतो. पूजा चालू असताना मात्र कॅमेरा खिशात असलेला बरा.

माघ-फाल्गुनात पळस फुलतो. किनवट-माहूरच्या जंगलात तो मुबलक आहे, पण शिकण्यासाठी गावाजवळचे एकच झाड निवडून त्याच्याकडे चार-पाच सकाळी जावे, असे माझे मत आहे. पळसाचा भडक केशरी रंग कॅमेऱ्याला पेलत नाही. पाकळीवरच्या शिरा आणि घड्या पुसल्या जाऊन नुसता रंगाचा डाग उरतो. यावर उपाय सोपा आहे: पडद्यावर फुलाला बोट लावावे, शेजारी सूर्याचे चिन्ह दिसले की ते थोडे खाली ओढावे आणि पाकळीवरची लव दिसू लागली की थांबावे. त्या वेळी झाडाला पान नसते, म्हणून फांदीमागे मोकळे आकाश येईल अशी जागा धरावी. फुलाचा मखमली काळपट देठ आणि पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी बाजूने घेतली तर नीट कळते. तिथेच शांत बसून राहिल्यास मैना, बुलबुल, शिंजीर मधासाठी येतात. त्यांच्यामागे धावू नये, ते त्याच फांदीवर पुन्हा येतात.

उन्हाळ्यात चैत्रातला कडुनिंबाचा मोहोर आणि वैशाखातला बहावा सकाळी आठच्या आत आटोपावा. नंतरच्या उन्हात रंग फिके पडतात आणि मोबाइलही तापून बंद पडतो.

पावसाळ्यात ढगाळ उजेड आयताच मिळतो. म्हैसमाळला किंवा गौताळ्याला गेल्यास तेरडा गुडघे टेकून फुलाच्या उंचीवरून टिपावा. तेवढे जमत नसेल तर गावालगतच्या तरवडाची पिवळी फुले आणि बाभळीचे पिवळे गोंडेही काही कमी नाहीत. कुर्डू हे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप असलेले तण. पण संध्याकाळचे ऊन त्याच्या मागून आले की गुलाबी-पांढरे तुरे उजळून निघतात. वारा असेल तर तुरा क्षणभर स्थिर होईपर्यंत थांबावे.

भाद्रपद-आश्विनात कपाशीला फुले असतात. आज उमललेले फूल फिकट पिवळसर, कालचे गुलाबी. एकाच झाडावर दोन्ही मिळतात. पुढे वेचणीच्या वेळी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पांढऱ्याशुभ्र कापसाने चौकट भरली की कॅमेरा चित्र काळपट करतो, आणि काळ्या ओल्या मातीने भरली की उगाच उजळ करतो, कारण समोरचे सगळे मध्यम उजेडाचेच आहे असे तो धरून चालतो. म्हणून कापसाला तेच सूर्याचे चिन्ह वर ढकलावे, मातीला खाली ओढावे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूचे ढीग लागतात. तिथे निळ्या ताडपत्रीखाली फुले आणि चेहरे दोन्ही निळसर येतात, त्यामुळे टोपली मोकळ्या सावलीत ओढून घेण्याची विनंती करावी लागते. त्याआधी त्या मावशींकडून अर्धा किलो झेंडू विकत घ्यावा, मग फोटो काढू का म्हणून विचारावे आणि काढलेला त्यांना लगेच दाखवावा.