सभेत गोष्ट कशी सांगावी

मे महिना संपत आला की सोयाबीन पेरणाऱ्या गावांत बियाण्याच्या सभा भरू लागतात. मारुतीच्या पारासमोर सतरंजी अंथरलेली असते. वक्ता सांगतो की उगवणक्षमता ७० टक्क्यांपेक्षा कमी असलेले बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरू नये आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफन, म्हणजे पेरणीचे अवजार, जुंपू नये; श्रोते माना डोलावतात, चहा घेतात आणि जूनमध्ये घरचे बियाणे न तपासताच पेरून मोकळे होतात. वक्त्याची माहिती अचूक असते, पण श्रोत्याला त्या माहितीत आपले शेत दिसलेले नसते. ते दिसावे एवढ्यासाठीच सभेत गोष्ट सांगायची. मराठवाड्यातील बचत गटांपुढे आणि शेतकरी गटांपुढे बोलताना मला जे उपयोगी पडले, ते येथे मांडत आहे.

गोष्ट शोधायला निघण्यापूर्वी सूत्र पक्के करावे. याचा वस्तुपाठ आपल्याच भूमीत आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी आपल्या शिष्यांना जे दृष्टान्त सांगत, ते पुढे त्यांच्या महानुभाव पंथातील केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठ’ या ग्रंथात एकत्र केले. त्यातील ११४ दृष्टान्तांची मांडणी एकाच पद्धतीची आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्त आणि मूळ विषय यांचा सांधा. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांचा प्रसिद्ध दृष्टान्त याच ग्रंथातला आहे. पाय हाताला लागला त्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागला त्याला सुपासारखा. खांब आणि सूप ऐकणाऱ्याच्या घरातच असल्यामुळे ते समजावून सांगावे लागत नाहीत. आपले सूत्रही असेच एका दमात म्हणता येईल एवढे असावे आणि त्यात श्रोत्याने करायची कृती असावी. ‘सोयाबीन लागवडीचे सुधारित तंत्र’ हे सूत्र होत नाही. ‘पेरणीआधी शंभर दाणे उगवून पाहा’ हे होते. सांगायची सूत्रे दोन असतील तर सभाही दोन घ्याव्यात.

सूत्र ठरले की ते ज्याच्या आयुष्यात घडले आहे असा एकच माणूस आणि त्याच्यावर गुदरलेला एकच क्षण निवडावा. येथे बहुतेक वक्ते घाई करतात आणि ‘अनेक शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले’ असे म्हणून पुढे जातात. ‘अनेक शेतकऱ्यांना’ चेहरा नसतो. एका गटातील बाईंनी मला सांगितलेला आणि त्यांच्या परवानगीने मी सांगत असलेला प्रसंग असा आहे :

“काकूंनी घरचंच बियाणं पेरलं होतं. आठव्या दिवशी त्या धुऱ्यावर गेल्या, तर रानात हिरवं काहीच दिसेना. खाली बसून त्यांनी तासातली माती बोटानं उकरली. दाणा होता तिथंच होता. फुगला होता, पण चिमटीत धरला तसा पिठासारखा दबला. त्यांनी पुढचा दाणा काढला, मग त्याच्या पुढचा. मग पदराला हात पुसत घरी आल्या आणि मालकाला एवढंच म्हणाल्या, ‘परत तिफन जुपावी लागती.’”

या गोष्टीत ‘दुर्दैव’ हा शब्द नाही, ‘हताश’ नाही, सल्लाही नाही. दबलेला दाणा आहे, आणि दुबार पेरणी केलेल्या प्रत्येकाच्या चिमटीला तो ठाऊक आहे. सांगणाऱ्याने भावनेचे नाव घेतले की ऐकणाऱ्याला ती स्वतः अनुभवण्याची गरज उरत नाही. म्हणून हाताने काय केले, डोळ्यांना काय दिसले, तोंडून कोणते शब्द निघाले, एवढेच सांगावे. पात्राचे बोलणे त्याच्याच बोलीत ठेवावे. परभणीच्या माणसाचा ‘कामून’ पुसून तेथे ‘का बरे’ घातले की ते पात्र परगावचे होते.

संत एकनाथांची भारुडे या दृष्टीने पुन्हा पुन्हा वाचावीत. पैठणच्या या पंडिताने अध्यात्म सांगताना वासुदेव, जोशी, गोंधळी यांची सोंगे घेतली आणि काम-क्रोधाचा दंश समजावायला विंचू आणला. श्रोते ज्यांना दारात रोज पाहत होते, त्यांच्याच तोंडून अवघड विचार ऐकू आला. आजच्या वक्त्याने सोंग घेण्याची आवश्यकता नाही; पण उदाहरण गावातल्या पाणंदीवरचे, आडावरचे, मोंढ्यावरचे असावे, ही शिकवण तीच आहे.

आकडे गोष्टीच्या पोटात येऊ नयेत. दाणा दबल्यानंतर क्षणभर थांबावे आणि मग कारण सांगावे : सोयाबीनच्या दाण्याचे आवरण पातळ असते आणि अंकुर त्या आवरणालगत असतो, त्यामुळे मळणीचा मार किंवा पोते आदळल्याचा धक्का बाहेरून न दिसताही उगवण मारतो. या वेळी श्रोता स्वतःच कारण शोधत असतो, म्हणून तेच वाक्य, जे सभेच्या प्रारंभी कोरडे वाटले असते, आता तो कान देऊन ऐकतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान रंगते आणि शेवटी कीर्तनकार मूळ अभंगावर परत येतो. सभेतही आख्यान संपल्यावर सूत्राकडे परतावे, मात्र दार्ष्टान्तिक सगळे आपणच पूर्ण करू नये. ‘काकूंचं बियाणं कुठं खराब झालं असेल?’ असे विचारून गप्प राहावे. पहिले काही क्षण अवघड जातात. मग मागून कुणी आबा म्हणतात, ‘मळणीयंत्राचे फेरे जास्त असतील,’ दुसरे कुणी थप्पीतल्या पोत्यांचे नाव घेतात, आणि सांधा श्रोत्यांच्या हातांनी जुळतो. माणूस दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षाशी वाद घालतो, स्वतः काढलेल्या निष्कर्षाला जपतो.

सांगताना कागद हाती धरू नये. आजीच्या गोष्टीला नातवंडे ‘हूं’ म्हणत, आणि तो हुंकार थांबला की आजी ओळखत असे की पोर झोपले. सभेतही हुंकार असतो. तो माना, डोळे आणि पुढे सरकलेली बैठक यांत दिसतो. तो थांबला तर आवाज चढवण्याऐवजी वर्णन तोडून प्रसंगाकडे यावे. गोष्ट पाच मिनिटांच्या आत बसवावी आणि सभेपूर्वी घरातल्या एखाद्या माणसाला दोनदा सांगून पाहावी. तो जेथे मध्येच काही विचारतो, तेथे आपले काहीतरी सुटलेले असते.

एका बाबतीत मी तडजोड करत नाही. दुसऱ्याचे दुःख त्याला विचारल्याशिवाय सभेत नेऊ नये आणि परवानगी मिळाली तरी नाव व गाव झाकावे. आत्महत्या झालेल्या घरातील माणसे समोर बसलेली असताना त्या विषयाची गोष्ट रंगवणे हा क्रूरपणा आहे. लातूर आणि धाराशिवच्या ज्या गावांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट भोगली, तेथे सभा धरून ठेवण्यासाठी भूकंपाची आठवण काढणारा वक्ता मी पाहिला आहे. लोक शांत बसले होते, पण ऐकत नव्हते. पुढच्या रांगेतील एक मावशी उठून गेल्या. तसेच, घडलेली गोष्ट वाढवून सांगू नये. गावात प्रत्येकाचे पाहुणे प्रत्येक गावी असतात आणि एक खोटा तपशील उघडा पडला की पुढच्या हंगामात खरा सल्लाही कोणी घेत नाही.

गोष्ट संपताच करण्याजोगे काम समोर ठेवावे, कारण हेलावलेले मन घरी पोहोचेपर्यंत निवते. बियाण्याच्या सभेला जाताना मी ओले गोणपाट सोबत नेतो. गोष्टीनंतर ते सतरंजीवर पसरतो, कुणाच्या तरी घरून मूठभर बियाणे मागवतो आणि न निवडता घेतलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायला श्रोत्यांनाच सांगतो. गोणपाटाची गुंडाळी करून ती सावलीत ठेवायची आणि सुकू द्यायची नाही, ही जबाबदारी तेथेच एका ताईंकडे सोपवली जाते. सहा-सात दिवसांनी ती गुंडाळी पारावरच उलगडायची आणि कोंब सर्वांनी मिळून मोजायचे, असा वार ठरवूनच सभा उठते.