ब्रिज की डीएसएलआर? दुकानात जाण्याआधी या चुका टाळा

भिगवणला पक्षी बघायला होडीत बसलं की कोणी कुठला कॅमेरा का घेतला ते पंधरा मिनिटांत कळतं. मागच्या हिवाळ्यात कुंभारगावहून आमची होडी निघाली, तेव्हा एकाच्या गळ्यात नवाकोरा डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) होता, त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स लावलेली. शेजारच्याकडे ८३एक्स झूमचा ब्रिज कॅमेरा, म्हणजे लांब झूमची लेन्स अंगालाच जोडलेला. फ्लेमिंगो साठेक मीटरवर, गुडघाभर पाण्यात चोची बुडवून. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी ढकलायला घेतली. डीएसएलआरवाल्याच्या फोटोत पाणी छान आलं, आभाळ छान आलं आणि मध्ये तांदळाच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके आले. ब्रिजवाल्याला फ्लेमिंगोचा पिवळा डोळासुद्धा मिळाला. मग थवा उडाला. ब्रिजच्या पडद्यावर आधी रिकामं आभाळ, मग अर्धा पंख, आणि त्यानंतर कॅमेरा फोटो साठवत बसला तो थवा दिसेनासा होईपर्यंत. येताना दोघंही एकमेकांच्या कॅमेऱ्याकडे बघत होते.

'ब्रिज घेऊ की डीएसएलआर' असं कोणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: पहिल्या वर्षात दुसरी लेन्स घेणार का? बहुतेक जण म्हणतात, 'बघू नंतर.' माझ्या अनुभवात 'बघू नंतर' म्हणजे नाही. असं म्हणणाऱ्याला पक्षी टिपायचे असतील तर त्याने डीएसएलआर घेऊ नये. ज्याला घरातली माणसं, वारी, गाभाऱ्यातला अंधार टिपायचाय त्याने ब्रिजच्या वाटेला जाऊ नये. बाकी सगळा तपशील, पण पैसे तपशिलातच बुडतात.

'एक्स' मोजून कॅमेरा घेणं

एक्स म्हणजे लेन्सच्या सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड टोकाचा भागाकार. १८-५५ झाली ३एक्स. ५५-२५० जेमतेम साडेचार एक्स, पण कॅननच्या नवशिक्यांसाठीच्या डीएसएलआर बॉडीवर (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) ती ४०० मिलिमीटरसारखी पोचते. म्हणजे एक्सवरून पोच कळत नाही. लेन्सच्या कडेला लिहिलेला 'किती ते किती' हा आकडा बघा, आणि तोही ३५ मिलिमीटरच्या हिशोबात, म्हणजे जुन्या फिल्मच्या मापात बदलून, म्हणजे सगळे कॅमेरे एकाच मापाने तोलता येतात.

पोचीचा हिशोब सोपा आहे. छोटा खंड्या साधारण १७ सेंटिमीटरचा. तो वीस मीटरवर बसलाय असं धरा. २५० मिलिमीटर लेन्सने डीएसएलआरच्या सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या चिपवर) त्याची प्रतिमा पडते दोन मिलिमीटरच्या आसपास, आणि सेन्सरची उंची जवळपास १५. म्हणजे फोटोच्या उंचीचा सातवा भाग खंड्या, बाकी फांदी आणि पाणी. निकॉन पी९०० या ब्रिज कॅमेऱ्याच्या लेन्सचं खरं टोक ३५७ मिलिमीटर (कॅटलॉगमध्ये, ३५ मिलिमीटरच्या हिशोबात, २०००). तिथे प्रतिमा तीन मिलिमीटरची, पण सेन्सरच साडेचार मिलिमीटर उंच. फोटोची दोन तृतीयांश उंची खंड्याने भरली! ही सगळी जादू आहे चिमुकल्या सेन्सरची, आणि त्याची किंमतही तिथेच मोजावी लागते.

कारण त्या सेन्सरचं क्षेत्रफळ कॅनन १५०० डी या साध्या डीएसएलआरच्या सेन्सरच्या बाराव्या भागाएवढं आहे. तेवढा कमी प्रकाश त्याच्या वाट्याला येतो. त्यात झूम पूर्ण ताणला की पी९०० चं ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक; एफपुढचा आकडा मोठा तेवढं भोक लहान) एफ/६.५ वर येतं, त्याच्या मोठ्या भावाचं, पी१००० चं, थेट एफ/८ वर. सकाळी नऊच्या उन्हात काही बिघडत नाही. पण पक्षी खरे हलतात पहाटे सहा-साडेसहाला, आणि तेव्हा आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळवणारा आकडा) ८०० च्या पुढे गेलं की पिसांच्या जागी चिखल दिसायला लागतो.

इथे एक गंमत सांगतो. ब्रिज विकताना चंद्राचा फोटो हमखास दाखवतात. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक. आयएसओ १०० ला, सेकंदाच्या अडीचशेव्या भागात पौर्णिमेचा चंद्र आरामात येतो. ज्या कॅमेऱ्याला चंद्र जमतो त्याला करंजाच्या सावलीतला स्वर्गीय नर्तक जमेलच असं नाही. दुकानात कॅमेरा तपासायचाच असेल तर लेन्स दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या खोक्यांवर रोखा आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचता येतात का बघा.

मी स्वतः इथेच फसलो. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला हॉलच्या मागच्या रांगेत उभा राहून, ब्रिजचा झूम लांबवून औक्षण टिपत होतो. निरांजनांचा उजेड, वर ट्यूबलाइट. पडद्यावर सगळं ठीक वाटलं. घरी मोठं करून पाहिलं तर आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कॅमेऱ्याने गुळगुळीत करून टाकल्या होत्या, मेणाच्या बाहुलीसारख्या. ज्या सुरकुत्यांसाठी फोटो काढायचा, त्याच गेल्या.

किट लेन्स म्हणजे डीएसएलआर समजणं

उलट बाजूही तितकीच महागात पडते. बॉडीसोबत येणाऱ्या किट लेन्सने, म्हणजे १८-५५ ने, ५५ ला एफ/५.६ मिळतं. घरगुती कार्यक्रमाला ५० मिलिमीटर एफ/१.८ लावली तर जवळपास दहापट प्रकाश येतो. सेन्सर मोठा घेतला आणि लेन्स कमी प्रकाश घेणारीच ठेवली तर फायदा अर्धवट राहतो. बजेट ठरवताना बॉडी स्वस्तातली धरा आणि उरलेले पैसे लेन्सला ठेवा. लोक नेमकं उलट करतात.

लेन्सवरची अक्षरं नीट वाचा. 'डबल झूम किट' म्हणून कॅननची ७५-३०० गळ्यात मारली जाते. तिच्यात आयएस, म्हणजे हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय, नाही. ३०० ला हातात धरून फोटो हलणारच. ५५-२५० आयएस घ्या, ५० मिलिमीटर कमी असले तरी चालतील. निकॉनमध्ये एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत आहे, 'व्हीआर' (निकॉनचं आयएस) लिहिलेली आणि न लिहिलेली, लिहिलेली घ्या. डी३५०० आणि त्याच्या घरातल्या भावंडांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे ओळखीतल्या कुणी दिलेली, स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स त्यांवर हातानेच फोकस करावी लागते. डी३२०० सारख्या जुन्या बॉडीवर तर एएफ-पी लेन्स चालतच नाहीत. आणि १५०० डी च्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन नाही, म्हणून त्या पिनवरच पेटणारे बाजारातले स्वस्त फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. हे लग्नाची कामं घेणाऱ्या दोन पोरांना मांडवात कळलं.

'ब्रिज हलका असतो' हेही तपासून बघा. पी९०० नऊशे ग्रॅमला टेकतो, पी१००० चौदाशेच्या वर. १५०० डी आणि ५५-२५० एसटीएम मिळून साडेआठशे.

कॅमेरा घेतल्यावर: 'खराब निघाला' म्हणण्याआधी

व्ह्यूफाइंडरमधून सगळं अंधुक दिसतं, फोटो मात्र स्वच्छ येतो? शेजारी छोटं चाक असतं, ते डायॉप्टर. आतले आकडे स्पष्ट दिसेपर्यंत फिरवा. फोकसच होत नाही? लेन्सच्या कडेचं बटण एएफवरून (आपोआप फोकस) एमएफवर (हाताने फोकस) सरकलं असेल. बॅगेत घालताना ते हमखास सरकतं. या एका बटणापायी सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या चढलेले लोक मला माहीत आहेत.

ब्रिजमध्ये पक्षी सापडतच नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. २००० मिलिमीटरला चौकट इतकी अरुंद होते की हात जरा हलला की पक्षी गायब. पी९०० च्या लेन्सच्या कडेला त्यासाठीच बटण आहे: दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी चौकटीत आणून सोडलं की पुन्हा पुढे जातो. कॅननच्या एसएक्स मालिकेत हेच काम फ्रेमिंग असिस्ट करतं. बटण सापडलं की निम्मी चिडचिड संपते.

डिजिटल झूम मेनूतून बंदच करून टाका. तो नुसता फोटो कापून फुगवतो.

फोटो हलतोय म्हणजे दर वेळी हात हलतोय असं नाही. आयएस किंवा व्हीआर तुमचा हात सावरतं, पक्ष्याला थोपवत नाही. बसलेल्या बगळ्याला १/६० सेकंदाचा शटर चालेल. उडणाऱ्या कुरवाला १/१००० तरी हवं, आणि फोकस एआय सर्व्हो किंवा एएफ-सी वर, म्हणजे हलत्या पक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या मोडवर. कुरव होडीभोवती घिरट्या घालतात तेव्हा साधा डीएसएलआरही ब्रिजला सहज मागे टाकतो. (आणि त्यांना फरसाण टाकू नका, प्लीज.)

दुपारी अकरानंतर पाण्यावरून लांबचे फोटो मऊ येतात, कितीही काढा. तो तापलेल्या हवेचा थरथराट. लेन्स लाखाची असली तरी तो जात नाही. होडी जवळ न्या, नाहीतर चहा प्या.

पावसाळा

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर चामड्याच्या बॅगेत कॅमेरा चार महिने कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आवतण. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरा. डीएसएलआरच्या लेन्सला बुरशी आली तर ती एक लेन्स गेली, बॉडी वाचते. ब्रिजची लेन्स अंगालाच जोडलेली, तिच्या आत काही गेलं तर अख्खा कॅमेरा उघडावा लागतो.

जुना घेताना

निकॉन आणि कॅनन दोघांचंही लक्ष आता मिररलेसवर (डीएसएलआरमधला आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर) आहे, डी३५०० तर बंदच झाला. म्हणून डीएसएलआर टाकाऊ ठरत नाही; उलट वापरलेल्या बॉडी आणि लेन्स भरपूर फिरताहेत आणि नवशिक्याला त्यातच फायदा आहे. फक्त पक्कं बिल मागा. मी एकदा कच्च्या पावतीवर लेन्स घेतली, वॉरंटीची वेळ आली तेव्हा दुकानदाराने मला ओळखलंच नाही.

वापरलेली लेन्स एका बाजूने मोबाइलच्या टॉर्चने उजळून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळीसारखे धागे दिसले तर परत द्या. ब्रिज असेल तर झूम पाच-सहा वेळा पूर्ण बाहेर काढा, पूर्ण आत घ्या, करकर ऐकू येते का बघा. मग पूर्ण झूमवर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि स्वतःच्या कार्डावर घेऊन दुकानाबाहेर उजेडात तपासा. काळे डाग असतील तर ते आत शिरलेल्या धुळीचे, कापडाने पुसून जाणारे नव्हेत.