फ्लॅटमध्येच फॉलआउटपासून आडोसा कसा करायचा

७ मे २०२५ ला देशभर सिव्हिल डिफेन्सचं मॉक ड्रिल झालं तेव्हा सगळे सायरन आणि ब्लॅकआउटचंच बोलत होते, पण अणुबॉम्ब पडला तर घरात नेमकं कुठे बसायचं हे आमच्या बिल्डिंगमध्ये एकालाही सांगता येईना. म्हणून हे लिहितोय.

बंकर बांधायची गरज नाही. फॉलआउट म्हणजे स्फोटाने वर उडालेली किरणोत्सारी धूळ, ती खाली येऊन गच्चीवर आणि जमिनीवर बसते आणि तिच्यातले गॅमा किरण पत्र्याला, काचेला जुमानत नाहीत, त्यांना अडवायला वजनदार काहीतरी मध्ये लागतं. काँक्रीटचा साधारण सहा सेंटिमीटर थर किरण निम्मे करतो, दाबलेली माती लागते नऊ. आता पाच इंची स्लॅब धरा, डोक्यावर एक असला तर किरण चौथाईवर येतात, दोन असले तर सोळाव्या हिश्श्यावर.

म्हणजे गच्चीपासून लांब आणि जमिनीपासूनही लांब. सात मजली बिल्डिंग असेल तर तिसरा-चौथा मजला, तिथेही बाहेरच्या भिंतीला टेकून नाही, आतला पॅसेज बघा. आम्ही सगळ्यात वर राहतो, त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आत्ताच विचारून ठेवलंय आणि त्यांचा पॅसेज टेपने मोजून आलो, साडेसात फूट भरला, गादी टाकली की पाच जण पाय दुमडून बसतात. काकू म्हणाल्या, "अरे विचारतोस काय, सरळ या." पत्र्याचं किंवा कौलारू घर असेल तर जवळची पक्की बिल्डिंग आजच ठरवा, तळघर किंवा अंडरग्राउंड पार्किंग असेल तर फारच उत्तम.

लख्ख उजेड दिसला तर तिकडे बघू नका, खिडकीपासून लांब पालथे पडा, स्फोटाचा धक्का उजेडानंतर येतो. तुम्ही काही किलोमीटर लांब असाल तर धूळ यायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात आत जायचं, खिडक्या लावायच्या, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद. बाहेरून कोणी आलं तर वरचे कपडे दारातच काढून पिशवीत बांधा, बरीचशी धूळ तिथेच जाते, मग साबणाने अंघोळ, केसांना शाम्पू चालेल पण कंडिशनर नको, त्याने धूळ केसांना चिकटून राहते.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. किरणोत्सार सात तासांनी दहाव्या हिश्श्यावर येतो, दोन दिवसांनी शंभराव्या, म्हणून पहिले चोवीस तास तरी बाहेर पाऊल टाकायचं नाही, बिल्डिंगला आग लागली किंवा ती पडायला आली तर गोष्ट वेगळी. आणि पोरं शाळेत असली तरी आणायला धावायचं नाही, मला माहितीये हे बापाला काय आईला काय किती जड जाईल, पण शाळेच्या पक्क्या इमारतीत आतल्या बाजूला बसलेलं पोर तुमच्या स्कूटरवर मागे बसण्यापेक्षा सेफ आहे. हे घरात आधी बोलून घ्या, शाळेत त्यांची काय तयारी आहे तेही विचारा.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा, चौघांना तीन दिवस म्हणजे पन्नास लिटर, झाकणाच्या कॅनमध्ये. डब्यात, पाकिटात बंद असलेलं खाणं चालतं, बाहेरून पुसून घ्या. सेलवरचा रेडिओ, टॉर्च, आजी-आजोबांची आठवड्याची औषधं, संडाससाठी झाकणाची बादली.

आयोडीनच्या गोळ्या फक्त थायरॉइडला आणि तेही किरणोत्सारी आयोडीनपासूनच वाचवतात, सरकारी सूचना आल्याशिवाय घेऊ नका, आणि जखमेला लावायचं आयोडीन तर चुकूनही पोटात घेऊ नका.