जिनिंगच्या शेडची कैची: स्टॅड उघडण्याआधी

जिनिंगवाल्याला एकच घाई असते. दसऱ्यानंतर कापूस यायला लागतो, त्याआधी शेड उभी पाहिजे. मालक फोनवर छपराच्या कैचीचा (ट्रसचा) स्पॅन सांगतो आणि आपण लगेच स्टॅडमध्ये, म्हणजे सांगाड्याचा हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नोड (मेंबर मिळतात ते बिंदू) टाकायला बसतो. ते एक दिवस थांबवा आणि आधी फॅब्रिकेटरच्या यार्डात जाऊन या. जोड मॉडेलमध्ये कसा दाखवायचा ते तिथंच ठरतं. गसेटला (जोडावरच्या पाटीला) वेल्ड मारणार की बोल्ट, वरची कॉर्ड (कैचीचा वरचा लांब मेंबर) अखंड जाणार की मधेच जोडणार, कोणता अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) जळगाव-धुळ्यात हाताशी आहे, हे सगळं वहीत उतरवून घ्या. नाहीतर "सायेब, तो नव्हता, जवळचा टाकला" हे वाक्य कैची चढल्यावर ऐकावं लागतं.

परत आल्यावर एखादा नोड कागदावर खऱ्या मापात काढा. मॉडेलमधली रेघ अँगलच्या गुरुत्वमध्यातून जाते. यार्डातला माणूस मात्र अँगलच्या पाठीची कड धरून मांडतो. ७५×७५×६ च्या अँगलमध्ये या दोन रेघांत सुमारे २० मिमी अंतर असतं. १०० किलोन्यूटनच्या ओढीला २० मिमीची सरक म्हणजे २ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर). मॉडेलमध्ये ही सरक (ऑफसेट) दिली नाही तर तो मोमेंट आउटपुटमध्ये कधीच दिसणार नाही.

मग पिन (मोकळा फिरणारा जोड) कुठे, ते ठरवा. मधले तिरपे-उभे मेंबर ट्रस म्हणून, म्हणजे फक्त ओढ-दाब घेणारे, चालतात. वरच्या कॉर्डला तसं करू नका. पर्लिन (पत्रा धरणारा आडवा मेंबर) दोन नोडांच्या मधे बसली तर कॉर्डला वाकणं सोसावंच लागतं, म्हणून कॉर्ड अखंड ठेवा. रिलीज देताना (टोकाची पकड सोडताना) दोन्ही टोकांचा पीळ सोडला की मेंबर स्वतःभोवती फिरतो आणि अस्थिरतेची वॉर्निंग येते. वेल्ड केलेला गसेट काही खरा पिन नाही. म्हणून मी मॉडेल दोनदा चालवतो, एकदा पिन देऊन आणि एकदा कडक जोड ठेवून, आणि जोडाला दोन्हींतला वाईट आकडा देतो. लांब, बारीक मेंबरमध्ये फरक किरकोळ निघतो. आधाराजवळच्या आखूड मेंबरमध्ये मात्र डोळे उघडतात.

आधाराची गोष्ट सगळ्यात फसवी. दोन्ही टोकं पिन केली की खालच्या कॉर्डमधली ओढ कमी दिसते, कारण मॉडेल कॉलमचं डोकं हलूच देत नाही. सेक्शन हलका निघतो, मालक खूश होतो, आकडा मात्र खोटा असतो. कॉलमही मॉडेलमध्ये घ्या, किंवा एका टोकाला सरकायची मोकळीक द्या आणि ड्रॉइंगवर तिथं लांबट भोक दाखवा. पत्र्याखाली मे महिन्यातली दुपार आठवा: २४ मीटरच्या कैचीत ४० अंशांच्या फरकाने साडेअकरा मिमी हालचाल होते.

वाऱ्यासाठी मालकाला विचारा, कापसाच्या गाड्या कुठून आत येणार? भिंतींतली उघडी जागा ५ टक्क्यांपर्यंत असेल तर आयएस ८७५ (भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात आतल्या दाबाचा गुणांक ±०.२, २० टक्क्यांपर्यंत ±०.५ आणि त्यापुढे ±०.७. पत्रा हलका, त्यामुळे वारा छप्पर उचलतो आणि नेहमी ताणात असणारी खालची कॉर्ड दाबात जाते. तिची आडवी (बाजूला वाकायची) लांबी सॉफ्टवेअर नोड ते नोड धरतं. खरी लांबी ब्रेसिंग (बाजूने धरणारे आडवे मेंबर) ते ब्रेसिंग असते. ती हाताने भरा, मग सडपातळपणा (लांबी भागिले सेक्शनची जायरेशन त्रिज्या) २५० च्या आत राहतो का ते बघा.

उचल आली की अँकर बोल्टचा (कैची कॉलमला धरून ठेवणाऱ्या बोल्टचा) आकडाही बदलतो. तो सिव्हिलवाल्याला कॉलमचं काँक्रीट पडायच्या आधी कळवा. नंतर ड्रिल घेऊन वर चढायची वेळ येते.